सहा नंबरची टाकी

रवा करपला तो हेमावतीच्या चुकीनं. दारावर सोप्पूवाली आली, मेथीच्या जुड्या उलटसुलट करून बघण्यात दोन मिनिटं गेली आणि तेवढ्यात कढईनं तळाला काळं धरलं. नवा रवा भाजायला वेळ नव्हता. आठ वाजून गेले होते आणि अकराला होसकोटेच्या बिअर कारखान्यात टेस्टिंग होतं, वास आणि चव बघायचं. टेस्टिंगच्या आधी दोन तास अण्णा पाण्याशिवाय तोंडात काही घेत नसे. कॉफीसुद्धा नाही. कारखाना काढल्यापासूनचा, तीस वर्षांचा नियम.

तिनं उप्पीटाची ताटली भावापुढे ठेवली.

"स्वल्प करपलंय रे अण्णा. आजच्या दिवस चालवून घे."

"हो. वास आला मला हॉलमध्येच," श्रीधरराव म्हणाले आणि खाली मान घालून खायला लागले.

वास आला नव्हता. हेमावतीला ते माहीत होतं. आपल्याला माहीत आहे हे अण्णाला कळलेलं आहे, असंही तिला कधीकधी वाटायचं. पण भावाबहिणीत त्यावरून एक शब्द कधी झाला नव्हता.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर त्यांना पाच दिवस ताप आला होता. ताप उतरला, खोकला गेला, माणूस कामावर जायला लागला. पुढे जानेवारीत एकदा हेमावती देवळातून परतली, तर गॅसचा वास फाटकापर्यंत येत होता. धावत आत गेली. शेगडीचं बटण उघडं, ज्योत विझलेली, आणि शेगडीपासून चार हातांवर अण्णा चष्मा लावून पेपर वाचत बसलेला.

"काय झालं गं?" त्यानं विचारलं होतं.

"काही नाही. उकडतंय म्हणून खिडक्या उघडते," ती म्हणाली होती. तिचा हात शेगडीच्या बटणावर होता. त्या हाताकडे अण्णा बराच वेळ बघत राहिला.

त्या दिवसापासून ती स्वतःशी बोलल्यासारखं मोठ्यानं बोलायला लागली. दूध नासलंय वाटतं. गल्लीतलं गटार तुंबलेलं दिसतंय. वरच्या मजल्यावर मुग्धा लसूण परततेय. अण्णा ऐकून घ्यायचा. पुढे पाहुण्यांसमोर तेच वाक्य आपलं म्हणून वापरायचा.

मुलांना तिनं सांगितलं नाही. नीलिमावहिनीला जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी भार्गवी घटस्फोटानंतर इंदिरानगरात वेगळी राहत होती. वर मुलगा त्रिविक्रम आणि सून मुग्धाचा संसार होता, तो त्यांचा. अण्णाकडे उरलं होतं ते त्याचं नाक. हलसूरच्या त्यांच्या सोडा फॅक्टरीत वडील, येसाजीराव, आठ वर्षांच्या श्रीधरला पाकाच्या पिंपावर वाकवायचे आणि विचारायचे, सांग, कालच्यासारखा झालाय का? पोरगं सांगायचं आणि ते बरोबर निघायचं. त्याच नाकाच्या भरवशावर पुढे त्यानं होसकोटेला बिअरचा कारखाना काढला आणि आपल्या बिअरला वडिलांचं नाव दिलं. ते नाक गेलं, हे तिनं कोणाला आणि कशाला सांगावं?

"अप्पा, निघू या?" मुग्धा जिन्यावरून खाली आली. केस कोरडे बांधलेले, ना पावडर, ना सेंट. टेस्टिंगला जाताना असंच जायचं असतं, हे लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात तिला सासऱ्यांनी शिकवलं होतं.

श्रीधररावांनी अर्धी ताटली तशीच सारली आणि उठले.

गाडी मुग्धा चालवत होती. त्रिविक्रम पहाटेच पुढे गेला होता, आणि जाताना फायलीत एक पत्र ठेवून गेला होता, ते तिनं पाहिलं होतं. जयतीर्थ यांना कामावरून कमी करण्यात येत आहे. जयतीर्थ म्हणजे कारखान्याचे मुख्य ब्रुअर, बावीस वर्षांची नोकरी. सप्टेंबरपासून तीन टाक्यांची बिअर बाजारातून परत आली होती. कोरमंगलातल्या पोरांनी तर नावच ठेवलं होतं, पॉपकॉर्न बिअर. लोण्याचा वास मारायचा ग्लासाला.

मुग्धाच्या डोक्यात मात्र दुसरंच काहीतरी होतं, आणि दोन महिने होतं. ती मूळची पुण्याची, एका सॉफ्टवेअर कंपनीत आकड्यांचंच काम करणारी. दिवाळीच्या सुमाराला भार्गवीनं तिला टेस्टिंगचे दोन वर्षांचे कागद दिले होते. प्रत्येक टाकीला प्रत्येकानं किती गुण दिले, त्याचे आलेख काढून दे, म्हणजे चव कुठे घसरायला लागली ते दिसेल. मुग्धानं काढले. सगळ्यांच्या रेघा वरखाली होत्या, तशा त्या असतातच. अप्पांची रेघ आधी सगळ्यांहून वेगळी असायची. बाकीचे आठ म्हणत तिथे ते पाच लिहीत, आणि आठवड्यानं त्यांचंच खरं ठरे. गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून ती रेघ जयतीर्थांच्या रेघेला चिकटली होती. ती चिकटली ती चिकटलीच.

रात्रंदिवस आकडे बघणाऱ्या माणसाला याचा अर्थ कळायला वेळ लागत नाही. तिनं भार्गवीला आलेख दिले, ते नावं काढून. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्यानं त्याच संध्याकाळी अप्पांना खुर्चीवरून उठवलं असतं. भार्गवीला सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचा विचारच तिला करवत नव्हता. पुण्याला आईशी फोनवर बोलताना एकदा शब्द ओठांवर आले होते. पण हे घर आईचं नव्हतं.

के. आर. पुरमचा पूल मागे पडला तशी ती म्हणाली, "अप्पा, त्रिविक्रमनं आज जयतीर्थांचं पत्र नेलंय."

"माहीत आहे."

"तुम्हाला खरंच वाटतं, त्यांची मिस्टेक आहे?"

श्रीधरराव खिडकीबाहेर बघत राहिले. "बावीस वर्षं आहे तो माझ्याकडे."

"हे उत्तर नाही झालं, अप्पा."

"डावीकडून बस येतेय. बघ," ते म्हणाले.

तिनं बसला जागा दिली.

टेस्टिंगची खोली कारखान्याच्या पुढच्या बाजूला, टाक्यांपासून दूर होती. भार्गवीनं सकाळी नऊलाच ती साध्या पाण्यानं पुसून घेतली होती. आज तिनं एक नवीन गोष्टही केली होती. लांब टेबलावर पुठ्ठ्याचे आडोसे लावून चार कप्पे केले होते, कोणाला कोणाचा चेहरा दिसू नये म्हणून.

"हे काय?" आत येताच श्रीधररावांनी विचारलं.

"नियमाप्रमाणे असंच बसायला पाहिजे अप्पा. आपण घरचे म्हणून गोल करून बसत होतो. आता तीन टाक्या परत आल्या. आज सगळं नीट होऊ दे."

भिंतीपाशी जयतीर्थ उभे होते. रविवार असून इस्त्रीचा शर्ट घातलेला. पत्राचं त्यांच्याही कानावर आलं असणार.

"आधी बोलणं होऊ दे, मग टेस्टिंग," त्रिविक्रम म्हणाला. त्यानं फाईल टेबलावर ठेवली. "सोपं आहे. बिअर आंबून झाली की दोनतीन दिवस उबेत ठेवायची, म्हणजे यीस्टच तो लोण्याचा वास खाऊन टाकतं. तो गेला की टाकी थंड करायची. वास गेला की नाही हे अप्पा ठरवतात. तिन्ही टाक्यांच्या कागदावर अप्पांची सही आहे. 'लोणी नाही. थंड करा.' म्हणजे तेव्हा वास नव्हता. नंतर आला. म्हणजे नंतर घाण झाली. पाईप, पिंपं, काहीतरी नीट धुतलं गेलं नाही. आणि ते काम जयतीर्थांचं."

"पाईप धुतलेत सर," जयतीर्थ म्हणाले. "दर वेळी. नोंद आहे."

"नोंद काय, कोणीही करतं."

"त्रिविक्रम, थांब," भार्गवी म्हणाली. "मी त्या पिंपांतली बिअर तपासून घेतली. बाहेरचे जंतू सापडले नाहीत. याचा अर्थ टाकी थंड झाली तेव्हाच काम अर्धवट होतं. असं होतं. वर वास नसतो, पण पोटात असतो. पिंप दुकानात उन्हात राहिलं की बाहेर पडतो."

"म्हणजे अप्पा चुकले म्हणतेस?"

भार्गवीनं पुठ्ठ्याचा एक आडोसा सरळ केला. गेल्या फेब्रुवारीत दोन नंबरच्या टाकीवर तिनं हेच म्हटलं होतं. अप्पा, लोण्याचा वास येतोय, अजून दोन दिवस उबेत राहू दे. अप्पांनी ग्लास नाकाला लावला होता, जयतीर्थांकडे पाहिलं होतं आणि सगळ्यांसमोर म्हणाले होते, "नाही. तुझं नाक दमलंय भार्गवी. थोडे दिवस पॅनलवर बसू नकोस." तेव्हापासून ती ग्लास भरायचं काम करायची, वास घ्यायचं नाही. म्हैसूरला शिकून, दहा वर्षं काम करून मिळवलेली खात्री एका वाक्यानं गेली. अप्पांचं नाक चुकत नाही हे लहानपणापासून ऐकलेलं. मग चुकीचं असणार ते आपलंच. घरी दुधाच्या पातेल्यावरसुद्धा ती दोनदा वाकायची आणि तरी खात्री पटायची नाही.

"मी कोणाला चूक म्हणत नाही," ती शेवटी म्हणाली. "सहा नंबरची टाकी उद्या थंड करायची आहे. तिचंच बघू. मी एक नमुना अर्धा तास गरम पाण्यात ठेवून परत गार केलाय. दुसरा तसाच. प्रत्येकाला तीन ग्लास. दोन सारखे, एक वेगळा. पोटात काही दडलं असेल तर गरम केलेल्या ग्लासात लोणी येईल आणि वेगळा ग्लास सगळ्यांना ओळखू येईल. नसेल, तर कोणालाच ओळखता येणार नाही. मग टाकी पास."

"आणि ओळखू आला तर?" त्रिविक्रमनं विचारलं.

"तर टाकी थांबेल."

"पण म्हणून हे पत्र थांबणार नाही," तो म्हणाला. "अप्पा, तुम्ही सांगा."

"आधी ग्लास आण," श्रीधरराव म्हणाले.

आडोशाच्या आत तीन ग्लास होते, तिन्हींवर स्टीलच्या झाकण्या आणि खाली चिकटवलेले आकडे. ४१७, २८६, ९०३. शेजारी पाण्याचा पेला, पावाचा तुकडा, कागद, पेन्सिल.

श्रीधररावांनी पहिली झाकणी उचलली आणि ग्लास नाकाशी नेला. काचेचा गारवा नाकाच्या शेंड्याला लागला. फेसाचा बारीक फवारा ओठावर आला. त्यापलीकडे काही नाही. दुसरा ग्लास. तिसरा. पुन्हा पहिला. एके काळी याच अंतरावर त्यांना भिजलेलं धान्य कळायचं, त्याच्या मागे वाळलेल्या गवताचा वास, त्याच्याही मागे कुठेतरी ओढलेली आगकाडी. धान्य कोणत्या शेतावरचं, हे सोडून सगळं कळायचं. आता तिथे भिंत होती.

मल्लेश्वरमच्या एका डॉक्टरकडे ते एकटेच जाऊन आले होते, खोटं काम सांगून. डॉक्टर म्हणाला होता, येईलही, नाहीही. वय बघता वाट बघा. ते वाट बघत राहिले. पहिल्या महिन्यात वाटलं, आठवड्यात येईल, कशाला गाजावाजा करायचा. दुसऱ्या महिन्यात सांगायची लाज वाटली. तिसऱ्या महिन्यात सांगितलं असतं तर आधीच्या दोन महिन्यांच्या सह्यांचं काय, असा प्रश्न आला. मग ते गोल टेबलावर सगळ्यांच्या शेवटी लिहायला लागले. कोणाच्या कपाळाला आठी पडते, कोण ग्लास लवकर खाली ठेवतं, हे बघून. टाकीपाशी तर फक्त जयतीर्थ असायचा. ग्लास नाकाला लावायचा आणि जयतीर्थच्या चेहऱ्याकडे बघायचं. त्याची मान हलली की सही.

आज समोर पुठ्ठा होता. डावीकडून त्रिविक्रमचा मोठ्यानं घेतलेला श्वास ऐकू आला. उजवीकडे मुग्धाची पेन्सिल कागदावर सरकली. चेहरा एकही दिसत नव्हता.

तिनातला एक. अंदाजानं लिहिला तरी बरोबर यायची शक्यता होतीच. आणि चुकला तरी काय, म्हाताऱ्याचा एक दिवस वाईट गेला म्हणतील. पत्र जयतीर्थला जाईल, तो ते घेईल, खाली वाकून नमस्कार करील आणि जाईल. त्याचा स्वभाव त्यांना माहीत होता. सकाळी घरून निघताना त्यांनी हेच ठरवलं होतं. गाडीत मुग्धानं विचारलं तेव्हाही हेच ठरलेलं होतं.

"मॅडम, माझं झालं," शेवटच्या कप्प्यातून जयतीर्थ म्हणाले. परीक्षेला बसलेल्या मुलासारखा आवाज, सरळ, वर्गात सगळ्यांत आधी पेपर देणाऱ्याचा.

श्रीधररावांनी पेन्सिल उचलली आणि कागदावर दोन शब्द लिहिले.

भार्गवीनं चारही कागद गोळा केले. "त्रिविक्रम, २८६. बरोबर. मुग्धा, २८६. जयतीर्थ, २८६." तिनं चौथा कागद उलटा केला आणि थांबली. "अप्पा, हे काय? 'कळत नाही' असं लिहायचं नसतं. अंदाज तरी लिहायचाच. तुमचाच नियम आहे."

"अंदाजच लिहीत आलोय," श्रीधरराव म्हणाले. ते आडोशाच्या बाहेर येऊन उभे राहिले. "चौदा महिने. मला वास येत नाही भार्गवी. कसलाच. त्या तापानंतर गेला तो आला नाही."

मागच्या बाजूला कुठला तरी पंप सुरू झाला आणि बंद झाला.

"त्या तिन्ही टाक्या मी सोडल्या," ते पुढे म्हणाले. "जयतीर्थनं नाही. त्रिविक्रम, ते पत्र आत ठेव."

"चौदा महिने?" त्रिविक्रमचा आवाज चढला. "अप्पा, मी गिऱ्हाइकांना तोंड देत होतो. तुमच्या सहीचा कागद दाखवून भांडत होतो. आणि तुम्ही इथे बसून..." तो वळला. मुग्धा खाली बघत होती. "तुला माहीत होतं?"

"आलेखात दिसलं," ती हळू म्हणाली. "दोन महिन्यांपूर्वी."

"आणि मला बोलली नाहीस."

"कोणाला बोलणार होते मी? तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस, ते आत्ता करतोयस तेच ना?"

त्रिविक्रमनं फाईल उचलली आणि तो बाहेर निघून गेला. दार त्यानं आपटलं नाही. टेस्टिंगच्या खोलीचं दार आपटायचं नसतं, हे त्याच्याही अंगवळणी पडलेलं होतं.

भार्गवी हातातल्या कागदाकडे बघत होती. "फेब्रुवारीत," ती म्हणाली. "दोन नंबरच्या टाकीवर. तुम्हाला काही कळत नव्हतं."

"नाही."

"आणि तुम्ही म्हणालात माझं नाक दमलंय."

"हो."

"सगळ्यांसमोर."

"तू बरोबर होतीस, भार्गवी."

"माहीत आहे मला, अप्पा," ती म्हणाली. "आता माहीत झालं." तिनं चौथा कागद इतर तिन्हींवर ठेवला, तारीख टाकली आणि खाली सही केली. मग लाल दोरीचं लेबल घेऊन सहा नंबरच्या टाकीला बांधायला गेली. आणखी उबेत ठेवूनही वास गेला नाही, तरी अबकारी खात्याचा माणूस येऊन परवानगी देईपर्यंत ती बिअर ओतून टाकताही येणार नव्हती. तोवर टाकी तशीच, लेबलासकट उभी राहणार होती.

मुग्धा तिच्या मागून गेली. खोलीत जयतीर्थ आणि श्रीधरराव दोघंच उरले.

"तुला कधी कळलं?" श्रीधररावांनी विचारलं.

"कळलं नाही, सर. वाटलं होतं. सप्टेंबरच्या टाकीला मला स्वल्प लोणी आल्यासारखं वाटलं. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही शांत होता. मी म्हटलं, सरांना येत नाही म्हणजे नसेलच. म्हणून मान हलवली."

"मी तुझी मान बघत होतो, जयतीर्था."

"आणि मी तुमचा चेहरा." जयतीर्थांनी तीन ग्लास एकेक करून ट्रेमध्ये ठेवले. "म्हणजे त्या टाक्यांचा वास कोणीच घेतला नाही, सर."

श्रीधरराव खुर्चीत बसले. जयतीर्थ ट्रे उचलून दारापर्यंत गेले. मग कोपरानं दार ढकलून बाहेर गेले.

दुपारी दोनला भार्गवी हलसूरच्या घरी आली, तेव्हा अण्णा आतल्या खोलीत दार लावून पडला होता. हेमावतीनं मुग्धाकडून सगळं ऐकलं होतं. तिनं पान वाढायला घेतलं.

"आत्ते, तुला माहीत होतं?"

हेमावतीनं भाताची मूद पानात ठेवली. "माहीत होतं गं."

"कधीपासून?"

"जानेवारी."

"म्हणजे फेब्रुवारीत अप्पा मला तसं बोलले आणि मी इथे येऊन रडले, तेव्हा तुला माहीत होतं."

हेमावतीला तो दिवस आठवत होता. याच टेबलावर. तिनं भाचीच्या पाठीवर हात फिरवला होता आणि म्हणाली होती, अप्पाचं मनावर घेऊ नकोस. त्याहून जास्त काही ती म्हणाली नव्हती.

"त्याच्याकडे दुसरं काय उरलंय, भार्गवी? वहिनी गेली. तुम्ही आपापल्या जागी. ते एक नाक. मला वाटलं, तेवढं तरी राहू दे. अगदी एकटा पडेल तो."

"आणि मी?" भार्गवी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी शेजारच्या बाईला बोलावून विचारते आत्ते, दूध नासलंय का बघा हो. अडतीस वर्षांची बाई. ज्या एका गोष्टीवर माझं पोट आणि माझं नाव आहे, तिच्यावर मी वर्षभर विश्वास ठेवला नाही. ते एकटे पडू नयेत म्हणून तुम्ही सगळ्यांनी मला पाडलंत."

हेमावतीनं सार वाढलं, तूप वाढलं. भार्गवीनं हात धुतले आणि पानात काही न टाकता सगळं जेवली. जाताना आतल्या खोलीच्या बंद दाराकडे तिनं पाहिलं. मग पर्स घेतली आणि दाराच्या पायऱ्या उतरली.

खोलीत श्रीधरराव जागे होते. त्यांनी शब्दन् शब्द ऐकला होता.

पुढच्या आठवड्यात कारखान्याच्या फलकावर एक कागद लागला. टाकी पास करण्याचा अधिकार एका माणसाचा नाही, पॅनलचा. पॅनलप्रमुख भार्गवी. पॅनलवर बसायचं तर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ओळख-चाचणी द्यायची, घरचा असो की कामगार. जुनं यीस्ट सगळं टाकून दिलं गेलं. ते गरजेपेक्षा जास्त वेळा वापरलं जात होतं, तेही त्या चौकशीत निघालं. नवीन मागवलं, आणि प्रत्येक टाकीचा नमुना गरम पाण्यात ठेवून बघितल्याशिवाय टाकी थंड करायची नाही असं ठरलं. जयतीर्थ राहिले. त्रिविक्रम त्यांच्याशी दोन महिने कामापुरतं बोलला, मग एक दिवस त्यांच्या टेबलाशी जाऊन म्हणाला, "पाईपांवरून बोललो ते चुकलं माझं." जयतीर्थ म्हणाले, "सरी सर, ठीक आहे," आणि पुढचा कागद त्याच्यापुढे सरकवला.

श्रीधरराव जानेवारीच्या पहिल्या रविवारी चाचणीला गेले. कोणी बोलावलं नव्हतं. फलकावर लिहिलं होतं म्हणून. आडोशात बसले, तीन ग्लास नाकाशी नेले आणि 'कळत नाही' लिहून कागद भार्गवीच्या हातात दिला. तिनं नापास असं लिहून सही केली. फेब्रुवारीत पुन्हा गेले. मार्चमध्ये पुन्हा. दर वेळी ती म्हणायची, "झालं अप्पा, तुम्ही निघा आता, आम्हाला पॅनल बसवायचंय." तुटकपणे नाही, जशी दुसऱ्या कोणालाही म्हणाली असती तशीच. मार्चमध्ये त्यांनी दारात थांबून विचारलं, "तुझं बरं चाललंय ना?"

"चाललंय."

"रविवारी घरी येत जा जेवायला."

"बघते, अप्पा," ती म्हणाली, आणि आत गेली. दार लागलं. मुग्धानं सोडायला येऊ का विचारलं होतं, पण ती पॅनलवर होती. ते होसकोटेच्या स्टँडवरून बसनं घरी आले. खिडकीची जागा मिळाली. शेजारी एक बाई फणसाचे गरे भरलेली टोपली मांडीवर घेऊन बसली होती, आणि पुढच्या सीटवरची मुलगी मागे वळून वळून त्या टोपलीकडे बघत होती.

मार्चच्या शेवटी एका संध्याकाळी, सहाच्या सुमाराला, त्रिविक्रमचा फोन आला. तो इंदिरानगरच्या आपल्या पबमधून बोलत होता. मागे माणसांचा कलकल.

"अप्पा, नवीन यीस्टची तिसरी बॅच आज लागली. ते जुने गिऱ्हाईक नाहीत का, कोपऱ्यात बसणारे, प्रदीपकुमार म्हणून? ते म्हणाले, आधी होती तशी झाली परत. तिन्ही बॅचेस अगदी सेम, म्हणाले."

"बरं झालं."

"भार्गवीला सांगितलं. म्हटलं तुम्हालाही सांगावं."

"सरी," श्रीधरराव म्हणाले. आणखी काहीतरी बोलायला हवं होतं, पण तिकडून कोणी तरी त्रिविक्रमला हाक मारली आणि फोन ठेवला गेला.

हेमावती कोलारला एका लग्नाला गेली होती. मुग्धा अजून ऑफिसात. घरात कोणी नव्हतं. दुपारी कारखान्याचा ड्रायव्हर बाटल्यांची एक पेटी ठेवून गेला होता. बाटलीच्या मागच्या लेबलावर टाकीचा नंबर, तारीख आणि खाली पास करणाऱ्याचं नाव छापलेलं असायचं. ते तीस वर्षं त्यांचं असे. त्यांनी चष्मा लावून वाचलं. भार्गवी श्रीधरराव.

त्यांनी एक बाटली उघडली, ग्लास तिरका धरून ओतली. रंग बघितला. फेस बघितला, दाट होता, लवकर बसत नव्हता. ग्लास नाकाशी न्यायला हात वर गेला, पण मध्येच थांबला. मग त्यांनी सरळ एक घोट घेतला. गार होतं. जिभेच्या मागे थोडं कडू लागलं. तेवढं कळलं.

बाकीचं चांगलं आहे, असं पोरांनी सांगितलं होतं. ते खुर्चीत टेकून बसले आणि त्यांच्या सांगण्यावर सगळा ग्लास सावकाश प्यायले.